दुसऱ्या बाराची प्रतीक्षा

१९०३ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, विद्यापीठाच्या सभागृहात प्राध्यापक क्रिस्तियान बिर्कलंड यांनी निमंत्रितांपुढे एक तोफ मांडली. तिच्यात दारू भरायची नव्हती. नळीभोवती तारेची वेटोळी होती. त्यांतून वीज सोडली की चुंबकीय ओढीने लोखंडी गोळा नळीतून पुढे खेचला जाई. बिर्कलंड मूळचे ध्रुवीय प्रकाशाचे अभ्यासक. त्या संशोधनाला पैसा लागे आणि तोफेच्या पेटंटातून तो उभा राहील अशी त्यांची आशा होती. आधीच्या चाचण्या चांगल्या झाल्या होत्या. त्या दिवशी मात्र कळ दाबताच शॉर्टसर्किट झाले. डोळे दिपवणारी ज्वाळा उठली, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि सभागृहात घबराट उडाली. तोफेला गिऱ्हाईक मिळाले नाही.

ती ज्वाळा मात्र वाया गेली नाही. हवेतला नायट्रोजन पकडून त्यापासून खत करण्यासाठी अतिशय प्रखर विद्युतज्वाळा वापरता येते, आणि अशाच ज्वाळेच्या शोधात साम आयडे नावाचे उद्योजक होते. दोघांनी मिळून भट्टी तयार केली आणि १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. तोफ बाजूला पडली, खताचा कारखाना उभा राहिला.

विजेच्या तोफेचा त्यानंतरचा शतकभराहून मोठा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. विजेच्या जोरावर गोळा एकदा फेकता येतो हे अनेकांनी, अनेक देशांत, पुन्हा पुन्हा सिद्ध केले. त्याच तोफेतून लगेच दुसरा, मग दहावा, मग शंभरावा बार काढायची वेळ आली की प्रत्येक पिढी अडखळली. वेगाचे विक्रम बातम्यांत येतात, हा दुसरा बार येत नाही. म्हणून ही कहाणी त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे.

दोन रुळांची तोफ

आज ज्याला रेलगन म्हणतात त्या यंत्राची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आंद्रे लुई ऑक्ताव्ह फोशाँ-व्हिल्प्ले यांनी मांडली. त्यांचे छोटे प्रारूप पाहून फ्रेंच सरकारने जुलै १९१८ मध्ये मोठी तोफ बनवण्याचे काम दिले. नोव्हेंबरात युद्ध संपले आणि कामही थांबले. १९२२ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले, तेवढे मात्र कागदावर उरले.

रचना ऐकायला सोपी आहे. धातूचे दोन समांतर रूळ घ्यायचे. त्यांच्यामध्ये दोन्ही रुळांना टेकून सरकणारा धातूचा तुकडा ठेवायचा. याला आर्मेचर म्हणतात, आणि गोळा त्याच्या पुढे असतो. वीज एका रुळातून जाते, आर्मेचर ओलांडते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. रुळांतल्या प्रवाहामुळे मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते क्षेत्र आर्मेचरमधून वाहणाऱ्या प्रवाहाला पुढे ढकलते. हा रेटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: प्रवाह दुप्पट झाला की रेटा चौपट. दारूच्या तोफेत गोळ्यामागचा वायू जितक्या वेगाने पसरू शकतो तितकीच गोळ्याची मर्यादा असते. रणगाड्याच्या उत्तम तोफेचा गोळाही सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास थांबतो. रेलगनला ही मर्यादा नाही. सगळा मोह तिथून सुरू होतो.

अडचणही त्याच सूत्रात आहे. उपयोगी रेटा हवा तर प्रवाह लाखो अँपिअरचा लागतो, आणि तो सरकत्या संपर्कातून न्यावा लागतो. संपर्क जरा ढिला पडला की ठिणगीचा कमानदार झोत उठतो आणि रूळ वितळतो. वेग फार वाढला की आर्मेचर रुळाच्या पृष्ठभागाला ओरबाडून थेंबाच्या आकाराचे खड्डे पाडते. ॲल्युमिनियमचे आर्मेचर कडेने वितळते आणि त्याचा पातळ थर रुळांवर मागे राहतो. याशिवाय दोन्ही रूळ एकमेकांना दूर लोटत असतात, आणि त्यांना आवळून धरणारे कवच दर बाराला ताण सोसते. थोडक्यात, पहिला बार तोफेची नळी बदलून टाकतो. दुसऱ्या गोळ्याला पहिल्यासारखी नळी मिळतच नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत योआखिम हेन्सलर यांनी रेलगनवर काम केले. १९४४ मध्ये जर्मन हवाई दलाने विमानविरोधी तोफेसाठी मागणी मांडली: सेकंदाला २,००० मीटर वेग, गोळ्यात अर्धा किलो स्फोटक, आणि सहा तोफांच्या तोफखान्यातून मिनिटाला बारा बार. बारांच्या गतीची अट इथे स्पष्टपणे कागदावर आली, कारण विमानावर एकच गोळा सोडून काही साधत नाही. तोफ प्रत्यक्षात आली नाही. युद्धानंतर हे कागद अमेरिकनांच्या हाती लागले. त्यांच्या तज्ज्ञांचा निष्कर्ष असा की कल्पना शक्य आहे, पण एकेका तोफेला अर्धे शिकागो शहर उजळेल एवढी वीज लागेल.

कॅनबेराची चाके

ती वीज पुढे मिळाली ती एका वेगळ्याच कामासाठी बांधलेल्या यंत्रातून. ऑस्ट्रेलियाचे भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट युद्धकाळात अणुबाँबच्या प्रकल्पात होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत मोठा कणत्वरक उभारायचे ठरवले. त्याला क्षणभर प्रचंड प्रवाह पुरवण्यासाठी होमोपोलर जनित्र बांधायला घेतले. अनेक टन वजनाची पोलादी चाके चुंबकीय क्षेत्रात फिरवायची आणि त्यांच्यात साठलेली गतिज ऊर्जा विजेच्या रूपात एकदम काढून घ्यायची, असे ते यंत्र. साठवण ५०० मेगाज्यूलची. काम रेंगाळले, खर्च वाढला, त्वरक कधीच पुरा झाला नाही, आणि टीकाकार या यंत्राला पांढरा हत्ती म्हणू लागले. १९६२ मध्ये जनित्र चालू झाले खरे, पण ज्याच्यासाठी बांधले ते यंत्रच नव्हते.

रिचर्ड मार्शल यांनी या जनित्राला काम दिले. त्यांच्या प्रयोगशाळेत जॉन बार्बर या विद्यार्थ्याने रेलगनवर प्रबंध लिहिला आणि नंतर मार्शल व रॅशले यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो प्रसिद्ध प्रयोग केला. पाच मीटरच्या तोफेतून पॉलिकार्बोनेटचा तीन ग्रॅमचा ठोकळा सेकंदाला ५.९ किलोमीटर वेगाने सुटला. युक्ती आर्मेचरमध्ये होती. धातूच्या तुकड्याऐवजी त्यांनी ठोकळ्यामागे प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतवाहक झालेला वायू, वापरला. घासणारा धातूच नसल्याने वेगाची आडकाठी दूर झाली.

१९७८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या प्रयोगशाळा जाग्या झाल्या. पण या तोफेमागची चाके पुन्हा गतीवर आणायला वेळ लागे, आणि प्लाझ्माच्या उष्णतेने नळीचे आतले अंग भाजून निघे. कॅनबेराने विज्ञानाला वेग दिला. बारांची गती कुणालाच मिळाली नव्हती.

मशीनगनचे स्वप्न

१९८० च्या दशकात हे काम अमेरिकेत पैशाच्या पाठबळावर सुरू झाले. १९८२ मध्ये वेस्टिंगहाऊसच्या संशोधन केंद्राने ३१७ ग्रॅमचा गोळा सेकंदाला ४.२ किलोमीटर वेगाने फेकला. मार्च १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रांपासून संरक्षणाची योजना जाहीर केली आणि रेलगन त्या योजनेत गेली. येणारी क्षेपणास्त्रे एकटी येणार नाहीत, म्हणून तोफेलाही झडी लावता आली पाहिजे, हे आता सर्वांना मान्य होते.

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील सेंटर फॉर इलेक्ट्रोमेकॅनिक्समध्ये या प्रश्नाला सर्वांत नेटके उत्तर शोधले गेले. विल्यम वेल्डन, मिर्चा ड्रीगा आणि हर्बर्ट वूडसन यांनी १९७८ च्या सुमारास कम्पल्सेटर नावाचे जनित्र कल्पिले होते. कॅपॅसिटरचा साठा म्हणजे थेंबाथेंबाने भरलेली टाकी एका क्षणात उपडी करणे. पुढच्या बारासाठी ती पुन्हा भरावी लागते. कम्पल्सेटरचे चक्र मात्र फिरतच राहते आणि विजेचे झटके एकामागून एक देते, प्रत्येक झटक्यात थोडीशी गती गमावते. लागोपाठ बारांसाठी यापेक्षा सोयीचे यंत्र सुचणे अवघड होते. ऑस्टिनच्या गटाने ८० ग्रॅमचे गोळे सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने आणि सेकंदाला साठ या गतीने सोडणारी तोफ आखली. पुढे लष्करासाठी आखलेल्या यंत्राचे उद्दिष्ट अधिक संयत होते: १८५ ग्रॅमचे गोळे, सेकंदाला १.८५ किलोमीटर, पाच-पाच बारांच्या तीन फैरी, सेकंदाला पाच बार.

आकडे खाली आले ते हिंमत खचल्यामुळे नव्हे. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारे चक्र स्वतःच्या वेगाने फुटू नये, लाखो अँपिअर नेमक्या क्षणी चालू-बंद व्हावेत, आणि हे सारे रणगाड्याच्या अंगात मावावे, यांतला प्रत्येक प्रश्न स्वतंत्र संशोधनाचा विषय होता. शीतयुद्ध संपले आणि पैसा आटला. ब्रिटनने १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या कर्कुब्री येथे ३२ मेगाज्यूलच्या साठ्यावर चालणारी ९० मिलिमीटरची मोठी तोफ उभारली, पण ती चाचणीकेंद्रातच राहिली.

याच दशकात पुण्याचे नावही या इतिहासात येते. पाषाणच्या आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने १९९४ मध्ये २४० किलोज्यूलच्या कॅपॅसिटर साठ्यावर तीन-साडेतीन ग्रॅमचा गोळा सेकंदाला २,००० मीटरपेक्षा जास्त वेगाने सोडला. त्या संस्थेने पुढे १२ मिलिमीटर चौरस नळीची तोफ केली आणि त्यानंतर ३० मिलिमीटरच्या नळीकडे वळली. साधने मर्यादित असताना मिळवलेले हे यश मोठे आहे, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असले पाहिजे.

पोटोमॅकच्या काठी

सर्वांत मोठा आणि सर्वांत बोधप्रद प्रयत्न अमेरिकी नौदलाचा. २००५ मध्ये तो सुरू झाला. केंद्र होते व्हर्जिनियातील डालग्रेन. पोटोमॅक नदीच्या काठचे हे चाचणीस्थळ पहिल्या महायुद्धापासून नौदलाच्या तोफांचे आहे. ३१ जानेवारी २००८ रोजी तिथे १०.६४ मेगाज्यूलचा बार निघाला, गोळ्याचा वेग सेकंदाला २,५२० मीटर. १० डिसेंबर २०१० रोजी ३३ मेगाज्यूलचा विक्रम झाला. त्या चित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या. दारू नसलेल्या तोफेच्या तोंडून अग्नीचा लोळ बाहेर पडतो हे पाहून अनेकांना नवल वाटले. ती आग म्हणजे रूळ आणि आर्मेचर यांची झीजच होती: वितळलेला, पेटलेला धातू आणि प्लाझ्मा.

३२ मेगाज्यूल हे नौदलाने ठरवलेले लक्ष्य. दहा किलोचा गोळा सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने जातो तेव्हा साधारण एवढी ऊर्जा त्याच्यात असते. नळी दहा मीटरची धरली तर तो आठ हजारांश सेकंदात बाहेर पडतो. तेवढ्या क्षणात सरासरी ४,००० मेगावॉट शक्ती द्यावी लागते, आणि गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या तीस हजार पटींहून अधिक त्वरण येते. त्याच्यातली दिशादर्शक उपकरणे हे सहन करून शाबूत राहिली पाहिजेत. शंभर सागरी मैलांहून लांब मारा, तोही एका गोळ्यामागे सुमारे २५,००० डॉलरमध्ये, असे चित्र २०१४ मध्ये नौदल संशोधनप्रमुख रिअर ॲडमिरल मॅथ्यू क्लंडर मांडत होते. लाखो डॉलरच्या क्षेपणास्त्रापुढे हा हिशेब फार आकर्षक होता.

मग मुख्य परीक्षा आली: मिनिटाला दहा बार. इथला हिशेब कुणालाही करता येतो. तोफेची कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तर ३२ मेगाज्यूलच्या बारासाठी शंभरेक मेगाज्यूल खर्च होतात. दर सहा सेकंदांनी एक बार म्हणजे सोळा मेगावॉटहून अधिक सततची मागणी. ७८ मेगावॉट वीज निर्माण करणारी झुमवॉल्ट वर्गाची युद्धनौका ती पुरवू शकली असती. पण बहुतेक नौकांची ती ऐपत नव्हती. शिवाय उरलेली दोन तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन कॅपॅसिटर, केबल आणि रुळांत मुरते. मिनिटाला दहा बार म्हणजे अकरा मेगावॉट उष्णता सतत बाहेर काढायची. मोकळ्या मैदानावर एक बार झाला की तोफ थंड होऊ देता येते. लढाईत ती सवड नसते.

डालग्रेनच्या अभियंत्यांनी इथे जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम वाटते. सुरुवातीला नळी काही मोजक्या बारांतच निकामी होई. रुळांचे धातू, आर्मेचरचे आकार, प्रवाहाच्या झटक्याची चढउतार बदलत त्यांनी नळीचे आयुष्य चारशे बारांच्या पुढे नेले. ध्येय हजाराचे होते. नळी थंड ठेवण्याची सोय आणि वारंवार भरता येणारे कॅपॅसिटर घेऊन लागोपाठ बारांसाठी वेगळी चाचणीजागा उभी केली. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे काम सुरू झाले आणि २०१७ मध्ये एकापाठोपाठ बार उडवणाऱ्या तोफेची चित्रफीत नौदलाने प्रसिद्ध केली. दुसरा बार अखेर आला होता.

तोवर काळ पुढे गेला होता. प्रतिस्पर्ध्यांची क्षेपणास्त्रे शंभर मैलांच्या कितीतरी पलीकडून येऊ लागली. रेलगनसाठी तयार केलेला वेगवान गोळा साध्या दारूच्या तोफेतूनही सोडता येतो हे लक्षात आले. वेग कमी पडतो, पण तोफा जागेवर तयार आहेत. २०१८ मध्ये ड्यूई या विनाशिकेने आपल्या पाच इंची तोफेतून असे वीस गोळे सोडले. समुद्रातली रेलगनची चाचणी २०१६ मध्ये ठरली होती, ती कधीच झाली नाही. २०२१ मध्ये नौदलाने काम थांबवले. सोळा वर्षांत सुमारे ५० कोटी डॉलर खर्ची पडले होते.

लहान तोफा, लांबचा पल्ला

युरोपात आणि जपानमध्ये वेगळा विचार चालू होता. फ्रान्स आणि जर्मनी यांची संयुक्त संस्था आयएसएल, फ्रान्समधल्या सेंट-लुई गावी, १९५९ पासून काम करते. तिथली सहा मीटरची पेगॅसस तोफ दहा मेगाज्यूलच्या साठ्यावर चालते. पण लागोपाठ बारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती राफिरा. चौरस नळी, बाजू २५ मिलिमीटर, गोळे शंभर ग्रॅमच्या आसपासचे, आणि तीन ते पाच बारांची फैर सेकंदाला पन्नासहून अधिक बारांच्या गतीने. म्हणजे दोन बारांत वीस हजारांश सेकंदांपेक्षाही कमी अंतर. येणाऱ्या क्षेपणास्त्रापासून जहाज वाचवायचे तर मोठा गोळा नको, वेगवान गोळ्यांचा छोटा पुंजका हवा, हा त्यामागचा तर्क. आयएसएलच्या आर्मेचरमध्ये तांब्याच्या तंतूंचे ब्रश असतात. ते रुळाला लवचीकपणे चिकटून राहतात आणि ठिणगी उशिरापर्यंत उठू देत नाहीत. रूळ जितका कमी दुखावेल तितकी पुढची नळी चांगली, हे तत्त्व त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवले.

जपानच्या संरक्षण मंत्रालयाच्या संशोधनसंस्थेने, एटीएलएने, २०१६ मध्ये ४० मिलिमीटरच्या तोफेचे काम हाती घेतले. गोळा सुमारे ३२० ग्रॅमचा, वेग सेकंदाला २,००० मीटरच्या वर. वेग २,००० मीटर धरला तर त्याची ऊर्जा दोन तृतीयांश मेगाज्यूलच्याही आत येते, डालग्रेनच्या लक्ष्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी. पण त्यांनी स्वतःपुढे ठेवलेली कसोटी पाहण्यासारखी आहे: १२० बार काढल्यावरही वेग टिकला पाहिजे. रुळांसाठी तांबे सोडून वेगळा धातू शोधला गेला आणि ती कसोटी पार पडली. त्यानंतरच लागोपाठ बारांच्या यंत्रणेचा टप्पा सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एटीएलएने जहाजावरून रेलगन डागल्याचे जाहीर केले. असे जगात प्रथमच झाले, असे त्यांचे म्हणणे आहे. २०२४ मध्ये त्यांनी फ्रान्स आणि जर्मनीशी रेलगनच्या संशोधनात सहकार्याचा करार केला आणि २०२५ मध्ये आसुका या चाचणीनौकेवर पूर्ण तोफ चढवली. चीनच्या हाययांगशान या नौकेवरही रेलगन वाटणारी मोठी तोफ २०१८ च्या सुरुवातीला छायाचित्रांत दिसली होती.

हा सगळा प्रवास पाहिल्यावर एक निष्कर्ष टाळता येत नाही. वेगाचा प्रश्न कॅनबेरात सुटला, ऊर्जेचा डालग्रेनमध्ये. शस्त्र म्हणून रेलगन उभी राहील की नाही हे मात्र धातुशास्त्र आणि उष्णतेची विल्हेवाट ठरवतील. या दोन्ही विषयांत विक्रमाचा दिवस नसतो. तिथे झिजलेला रूळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी, पुन्हा नवा रूळ घडवणारी माणसे असतात. ज्यांनी लहान तोफ घेऊन आधी रूळ टिकवला आणि मग गती मागितली, त्यांची वाट मला अधिक खरी वाटते. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनीही गोळ्याचे वजन वाढवण्याच्या घाईपेक्षा रुळाचे आयुष्य वाढवण्याला पहिला मान द्यावा.

वाचकांनाही एक सांगणे आहे. रेलगनच्या नव्या विक्रमाची बातमी आली, मग ती टोकियोची असो, बीजिंगची असो वा पाषाणची, तर वेगाचा आकडा वाचून थांबू नका. त्याच रुळांवरून किती बार निघाले, दोन बारांत किती वेळ गेला आणि शेवटच्या बाराचा वेग पहिल्याइतकाच होता का, हे विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर ती बातमी प्रयोगाची आहे, शस्त्राची नाही.